बारा आकाशं आणि एक मालक

मापताईंच्या डोळ्यांबद्दल लोक वाटेल ते सांगतात. मी त्यातलं निम्मंच सांगणार आहे, तेवढंच पचायला पुरे.

घरी फ्रिजचं दार उघडलं की आतला दिवा बघून त्या सांगायच्या, हे दार आज अकरा वेळा उघडलंय आणि त्यातलं नऊ वेळा यांनी. 'हे' म्हणजे त्यांचे यजमान. दिवा दमलेला दिसतो, म्हणायच्या. यजमानांचे केस पिकायला लागले ते डाव्या कानामागे आधी आणि उजव्या कानामागे दीड वर्षानं. तर तेवढं दीड वर्ष बाई त्यांच्या समोर जेवायला बसल्या नाहीत. उजव्या अंगाला बसायच्या आणि तिथूनच आमटी वाढायच्या. रस्त्यानं चालताना मान खाली. वर बघितलं की दिव्यांची रांग दिसायची. एक पिवळा, एक पांढरा, एक आजारी.

"अंगावर पुरळ उठल्यासारखं होतं हो," त्या म्हणायच्या. "जिकडे बघावं तिकडे ठिगळं."

असल्या डोळ्यांच्या बाईला जगात एकच जागा सुखाची होती, ती म्हणजे आमच्या कारखान्यातली काळी खोली.

कारखाना एलईडी स्क्रीनचा. मी तिथं फिटर होतो. पॅनल चौकटीत बसवायचे आणि बोल्ट आवळायचे. एका स्क्रीनमध्ये मोहरीएवढे लाखो दिवे असतात. एकाच पाकिटातून येतात, एकाच यंत्रातून एकाच दिवशी निघालेले असतात, पण वागायला सख्ख्या भावंडांसारखे. एक भडक, दुसरा मिणमिणता, तिसरा मनात येईल तसा. स्क्रीनवर मारामारीचा सिनेमा लावला तर काही कळत नाही. पण नुसता एक सपाट रंग लावून बघा. कळकट चादर वाळत घातल्यासारखे चट्टे दिसतात. हे चट्टे घालवायचं काम मापताईंचं. दिवान् दिवा मोजायचा आणि सगळ्यांचा उजेड सारखा करायचा. आता मंद दिव्याला मुळात जोरच नसतो, तो बिचारा देतोय तेवढंच देणार. म्हणून भडक दिव्यांना आवरायचं आणि मंदाच्या बरोबरीला आणून बसवायचं.

मालकांना हे तत्त्व फार आवडलं होतं. "हेच मी तीस वर्षं माणसांचं करतोय," म्हणायचे. खोटं नव्हतं. कँटीनमधली एक खुर्ची डुगडुगायला लागली, तेव्हा त्यांनी बाकीच्या सगळ्या खुर्च्यांचा एकेक पाय थोडा तासून घेतला होता. म्हणजे कुणाची तक्रार नको.

काळ्या खोलीत भिंती काळ्या, छत काळं, जमिनीवर काळा गालिचा. आत जाणाऱ्यानं काळा डगला घालायचा, घड्याळ काढून ठेवायचं, चष्म्याची चकाकती काडी असेल तर तिला काळी पट्टी लावायची. एका टोकाला स्क्रीन, दुसऱ्या टोकाला कॅमेरा. मधे चिटपाखरू नको. त्या अंधारात मापताई स्टुलावर बसायच्या, समोर सपाट निळा रंग लावायच्या आणि तो दोन दिवसांत इतका सारखा करायच्या की बघणाऱ्याला आपण पाण्यात बुडालोय असं वाटावं. मग म्हणायच्या, "आता कसं, डोळे निवले." सव्वीस वर्षांत त्यांच्या सहीची एकही स्क्रीन परत आली नव्हती.

आणि मग आम्हाला आकाशाची ऑर्डर आली.

एका मोठ्या सरकारी कचेरीला बारा प्रतीक्षालयं होती. एकालाही खिडकी नाही. लोक पाच-पाच तास बसायचे, बसून बसून कावायचे आणि काउंटरवरच्या कारकुनावर ओरडायचे. कुणातरी हुशार माणसानं ठरवलं की भिंतीवर आकाश लावावं. आठ मीटर रुंद, तीन मीटर उंच, नुसतं निळं, रिकामं, शांत आकाश. आधी नमुन्याची एक स्क्रीन द्यायची, ती पास झाली की तिच्यासारख्या हुबेहूब आणखी अकरा.

नेमकं त्याच महिन्यात मालकांच्या जावयांनी मापायचं यंत्र आणलं. सगळे त्यांना जावईबापू म्हणायचे, आणि त्यांचं कारखान्यात नेमकं काम काय असं विचारलं तरी उत्तर 'जावईबापू' असंच यायचं. यंत्र मात्र झकास होतं. कॅमेरा स्वतःच बघणार, स्वतःच मोजणार आणि स्वतःच सगळे दिवे जुळवणार. बाईंचे दोन दिवस, यंत्राचे सव्वातीन तास.

मालक मापताईंना म्हणाले, "बाई, नमुना यंत्रावर करायचा. तुम्ही फक्त सही करा. तपासनीस उद्या अकराला येणार. पास झाली तर उत्तम. आणि परत आली तर सही तुमची, म्हणजे चूक तुमची. मग काळी खोली जावईबापूंची केबिन होईल आणि तुम्ही पॅकिंगला जाल."

"आणि पास झाली तर?"

"तर मग यंत्र चांगलं आहे असं ठरलं. तेव्हाही केबिन त्यांचीच."

पॅकिंगचा विभाग पत्र्याच्या शेडमध्ये होता. वर एकोणीस ट्यूबलाइट, त्यातल्या सात फडफडणाऱ्या. मापताईंनी एकदाच त्या दिशेनं बघितलं आणि पदरानं डोळे पुसले.

दुपारी माप सुरू झालं. आत जावईबापू, मापताई आणि चौकट हलू नये म्हणून मी. दिवे मालवले, आकाश लागलं, यंत्र गुणगुणायला लागलं. तेवढ्यात दार उघडून मालक आत आले. डगला नाही, काही नाही.

"माझी स्क्रीन आहे, मी बघणार," म्हणाले आणि तडक चालत जाऊन स्क्रीनला नाक टेकेल इतक्या जवळ उभे राहिले. दोन्ही हात कमरेवर.

आता मालकांची एक विद्या सांगायला हवी. ते उभ्या उभ्या झोपायचे. मीटिंगमध्ये, लिफ्टमध्ये, एकदा तर स्वतःच्या भाषणात, दोन वाक्यांच्या मधे. त्यातून समोर आठ मीटर शांत निळं आकाश. दुसऱ्या मिनिटाला त्यांची मान एका बाजूला कलली आणि पोट सैल सुटलं. लोकांना शांत करायला केलेल्या आकाशानं पहिला माणूस शांत केला होता.

"माप थांबवा," मापताई कुजबुजल्या. "मालक मधे उभे आहेत."

"दिसतंय मला," जावईबापू म्हणाले.

"मग उठवा त्यांना."

"सासरे आहेत माझे! तुम्ही उठवा."

"माझे मालक आहेत."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी चौकट आणखी घट्ट धरली.

सव्वातीन तास मालक जागचे हलले नाहीत, आणि आम्हीही नाही. शेवटी यंत्रानं टुंग असा आवाज केला आणि आपल्या छोट्या स्क्रीनवर प्रश्न विचारला, तो मी माझ्या डोळ्यांनी वाचलाय: 'एका भागातले दिवे जवळजवळ विझलेले आढळले. हा भाग बाद धरायचा, की बाकीचे दिवे त्याच्याशी जुळवून घ्यायचे?'

"बाद म्हणा," मापताई म्हणाल्या. "म्हणजे ते माप सुटेल, परत घेता येईल."

"सासऱ्यांना बाद कसं म्हणू हो?" जावईबापू म्हणाले आणि त्यांनी 'जुळवून घ्या' दाबलं.

यंत्रानं इमानदारीनं काम केलं. मालक उभे होते तिथले दिवे त्याला दुबळे वाटले, म्हणून ते पूर्ण जोरावर ठेवले. बाकी सगळ्या आकाशाला दाबलं, दाबलं, निम्म्यावर आणलं. टुंग आवाजानं मालकांना जाग आली. ते चार पावलं मागे आले.

"झोपलो नव्हतो," न विचारता म्हणाले. "बारकाईनं बघत होतो."

आणि मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. संध्याकाळ झाल्यासारखं मळकं आकाश, आणि त्यात मधोमध एक लखलखीत माणूस. पाठमोरा. ढेरी दोन्ही बाजूंनी ओसंडलेली, मान कललेली, हात कमरेवर. कॅमेरा लांब आणि मालक स्क्रीनला खेटून, त्यामुळे माप अगदी बिनचूक होतं. खिशातल्या पाकिटाचा फुगवटासुद्धा आला होता.

मी दात घट्ट आवळले. आपली पाठ माणूस जन्मात बघत नाही, त्यामुळे मालकांना ओळख पटली नाही.

"हे काय आहे हे ढेरपोटं?"

"ढ... ढग, बाबा," जावईबापू म्हणाले.

"ढगाला कोपरं नसतात, मालक," मापताई म्हणाल्या. "तुम्ही मधे उभे होतात, झोपला होतात. माप परत घ्यायला हवं. सव्वातीन तास द्या, खोलीत कुणी नको."

"मी झोपलो नव्हतो!" मालकांचा आवाज चढला. "आणि यंत्र चुकलं म्हणता? माझ्या मुलीच्या नवऱ्याचं यंत्र? आकाशात ढग असायचाच. उद्या दाखवायचं ते हेच, आणि सही तुमची." खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला तपासनीसबाई आल्या. उंच, कडक इस्त्रीच्या, हातात फळीला लावलेले छापील कागद. चेहऱ्यावर ना हसू ना राग. आल्या त्या कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहिल्या, आकाश बघितलं, कागद बघितला, परत आकाश बघितलं.

"हे काय आहे?"

मालक पुढे झाले. "ढग आहे, मॅडम. नैसर्गिक वाटावं म्हणून मुद्दाम ठेवलाय."

तपासनीसबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "कलम चार. ढग नसावा. ढग दिसला की लोकांना वाळत घातलेले कपडे आठवतात आणि ते नंबर सोडून घरी जातात. परत न्या."

"डाग आहे तो डाग!" जावईबापू मधेच म्हणाले.

"कलम एक. डाग नसावा."

"पक्षी?"

तपासनीसबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. "कलम पाच. आणि पुढचं सुचायच्या आत सांगते, कलम सहा, विमानही नसावं." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मालक मापताईंजवळ सरकले आणि दात न उघडता बोलले. "बाई, सांगा त्यांना, दिवेच खराब लागले होते, तुमच्या नजरेतून सुटले म्हणून. चार दिवस मागू आणि परत करू. मी पॅकिंगमध्ये तुम्हाला पंख्याखालची जागा देतो."

सव्वीस वर्षं एका बाजूला, पंख्याखालची जागा एका बाजूला. मापताई स्क्रीनकडे बघत राहिल्या, आणि मला वाटतं त्यांना दिव्यांचीच दया आली. अडतीस लाख ठिपके, सांगितलं तेवढं इमानानं करत होते, आणि वर खराब म्हणून त्यांचीच बदनामी.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "दिवे चांगले आहेत. हा डाग नाही आणि ढगही नाही. हे आमचे मालक आहेत."

तपासनीसबाईंनी पान उलटलं. मग आणखी एक. मागची बाजू बघितली. खालची बारीक अक्षरं बघितली.

"मालकाबद्दल कलम नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे मनाई नाही. पण नुसतं तोंडी चालणार नाही. हे मालकच आहेत याची खात्री करावी लागेल. मालक कोण?"

असा पेच मालकांवर आयुष्यात आला नसेल. हो म्हणावं तर मापाच्या वेळी मधे उभं राहून झोपल्याची कबुली. नाही म्हणावं तर बारा आकाशं हातची गेली. त्यांनी जावईबापूंकडे बघितलं. जावईबापू कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड पुसत होते.

"मी," मालक म्हणाले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"उभे राहून दाखवा."

मालक जाऊन स्क्रीनपुढे उभे राहिले. मापताई तपासनीसबाईंशेजारी, कॅमेऱ्याच्या जागी आल्या आणि एक डोळा मिटून हुकूम सोडायला लागल्या.

"डावीकडे. अजून. फार झालं. पाय जवळ घ्या. मालक, पोट आत ओढू नका, काल ओढलं नव्हतं."

"ओढलं नाहीये!"

"सोडा. अजून सोडा. हां. उजवं कोपर बाहेर. आता मान टाका. अशी नाही, झोप लागल्यासारखी."

"मी झोपलो न—"

"मान, मालक."

त्यांनी मान टाकली. आणि काय सांगू, तो आकाशातला लखलखीत माणूस फुंकर मारल्यासारखा गेला. पुऱ्याच्या पुरा झाकला गेला, कडेला केसाएवढी उजेडाची रेघ राहिली नाही. खिशातलं पाकीटसुद्धा आपल्या जागी बसलं. उरलं ते एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सपाट, एकसारखं आकाश.

"यात फरक किती?" तपासनीसबाईंनी विचारलं.

मापताईंनी डावीकडून उजवीकडे सावकाश नजर फिरवली. "काही नाही," म्हणाल्या. "उजेड जरा कमी आहे, पण सगळीकडे सारखा आहे. यंत्रानं चोख काम केलंय."

तपासनीसबाईंनी कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं, आणि लिहिताना मोठ्यानं वाचलं: 'प्रकाश सर्वत्र समान, मालक वगळून. नमुना मंजूर.' मग पेन मापताईंपुढे धरलं. बाईंनी ओळ दोनदा वाचली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी सही केली.

मालकांनी घाम पुसला. "चला, मिटलं. पुढच्या अकरा स्क्रीन आम्ही स्वच्छ निळ्या करून देतो. म्हणजे मी... म्हणजे हे नसलेल्या."

"तसं चालणार नाही," तपासनीसबाई म्हणाल्या. "कलम पंधरा. सर्व नग मंजूर नमुन्याबरहुकूम असावेत. एका प्रतीक्षालयात मालक आणि दुसऱ्यात नाही, असं केलं तर लोक भेदभावाची तक्रार करतील. आणि प्रत्येक नगावर सही यांचीच लागेल. मालक ओळखता आले ते यांनाच. यांना या खोलीतून हलवलंत तर ऑर्डर रद्द समजा." फळी काखेत मारली आणि निघाल्या.

जावईबापूंनी केबिनसाठी आणलेलं फिरतं टेबल दुसऱ्या दिवशी गुपचूप परत गेलं.

पुढच्या आठवड्यात दुसरी स्क्रीन चौकटीत बसवली. मालक दारात आले ते अवघडून. आत घ्यायच्या आधी मापताईंनी त्यांना नखशिखांत बघितलं.

"शर्ट तोच आहे ना?"

"तोच आहे."

"पाकीट?"

"आहे खिशात."

"या मग. खुणेवर उभे राहा." गालिच्यावर त्यांनी दोन पावलांच्या खुणा आखून ठेवल्या होत्या. मालक उभे राहिले, हात कमरेवर घेतले, मान टाकली. दिवे गेले, आकाश लागलं, यंत्र गुणगुणायला लागलं. दहा मिनिटं झाली नसतील, तोच मापताईंनी यंत्र बंद केलं.

"काय झालं?"

"जागे आहात, मालक."

"मग? काम चालू आहे म्हटल्यावर जागा नको राहू?"

"नमुन्यात झोपला आहात. जागेपणी खांदा बोटभर वर राहतो. सारखं येत नाही. झोपा."

मालकांनी डोळे मिटले. तीस वर्षं जो माणूस भाषणात झोपला, लिफ्टमध्ये झोपला, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी रीतसर झोपायला सांगितलं होतं, आणि झोप कुठं पळाली ते कळेना. एकदा या पायावर जोर, एकदा त्या. मधेच एक डोळा उघडून विचारलं, "बाई, आता?"

"नाही."

जावईबापूंनी बारीक आवाजात शिट्टीवर काहीतरी संथ गाणं वाजवून बघितलं, तर मालक त्यांच्यावर असे खेकसले की ते बाहेरच जाऊन बसले. मी आपली चौकट धरून उभा. मलाच पेंग यायला लागली होती.

दुपार टळली. मापताई स्टुलावर नीट टेकून बसल्या, मांडीवरचा डगला सारखा केला, समोरच्या निळ्या उजेडात त्यांचा चेहरा अगदी निवांत दिसत होता.

"घाई नाही, मालक," त्या म्हणाल्या. "अजून दहा स्क्रीन आहेत आपल्याकडे. कोपर बाहेर. हां. आता काळजी सोडा आणि परत पहिल्यापासून."